रविवारच्या यादीतलं चौथं गाणं

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच नांदुऱ्यात कापूस येतो. पिकअप गाड्यांवर घराएवढा उंच रचलेला, दोरांनी करकचून आवळलेला. वळणावर गाडी कलली की रस्त्याकडेच्या बाभळी तो ओरबाडून घेतात आणि पुढचे दोन महिने पांढऱ्या फांद्या मिरवत उभ्या राहतात. आमची कॉलनी स्टेशनच्या मागे. सकाळी सातला जिनिंगची यंत्रं सुरू होतात, सरकीपासून रुई तोडून काढणाऱ्या दात्यांची घरघर दिवसभर कानात राहते, आणि बारीक तंतू कुठंकुठं जाऊन बसतात. खिडकीच्या जाळीला, ओल्या टॉवेलला, दुधाच्या सायीवर. गावाला हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. आता सरकीचा तेलकट, उबट वास आला की माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळते.

त्या हातानं मी एका माणसाचं हाड मोडलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार भली बाई समजणार नाही. आणि हाड मोडलं म्हणून नव्हे, त्याच्या आधी तीन महिने मी जे केलं त्यासाठी मला कुणी भली समजू नये.

मी कचेरीत कारकून आहे. दिवसभर अर्ज, शिक्के, टाचण्या. गाणं हा माझा एकुलता एक शौक. पाच-सहा वर्षांपूर्वी मी मोबाइलवर एक ग्रुप काढला, 'रविवारची गाणी' या नावाचा. शेजारीपाजारी, कचेरीतले सहकारी, ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शाळेतले दोनचार मास्तर. दर शनिवारी संध्याकाळी मी सात गाण्यांची यादी पाठवायची. एकामागून एक आपोआप वाजत जातील अशी ओवलेली. रविवारी सकाळी लोक पोहे खाताना ती लावत. यादीचा एकच नियम होता. सातातलं एक गाणं आपल्या इकडचं हवं. कुठल्याही ॲपवर न सापडणारं, ग्रुपमधल्या कुणीतरी स्वतः ऐकून मोबाइलमध्ये धरून आणलेलं.

काय काय आणलं लोकांनी! लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक म्हातारा, सराई नसली की विहिरीच्या काठावर एकटाच वाजवत बसतो, तो आमच्या एका शिपायानं आणला. धाडच्या आठवडी बाजारात तुणतुण्यावर गाणारा माणूस आला, त्याच्या गाण्यात मागून भाव करणाऱ्या बायका आणि कोंबड्या. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल गोण्या उचलताना जो हेल काढतात तो आला. आपल्या पायाखाली एवढं गाणं होतं आणि आपण त्यावरून नुसते चालत होतो, असं वाटायचं. शनिवारी यादी लावताना मला आठवडाभराच्या टाचण्यांचा विसर पडे.

त्या यादीचा सगळ्यात मोठा चाहता आमचा शेजारी मनोहर. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तो जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. उंच, कपाळाला गंध, बोलणं गोड. ह्यांची कंबर धरली होती तेव्हा त्यानं ह्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या घरात छातीएवढे उंच दोन स्पीकर होते, फळ्या कापून, पॉलिश मारून स्वतःच्या हातानं बनवलेले. सोमवारी सकाळी फाटकात भेटला की म्हणायचा, "ताई, तिसऱ्या गाण्यातली ढोलकी आयकली का? काळीज हालून गेलं मायं." असं दाद देणारा माणूस मिळाला की यादी करणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

त्याची बायको वंदना धाडची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. आमची बोली आणि तिची बोली थोडी वेगळी. आम्ही 'मले' म्हणतो तिथं ती 'मला' म्हणे आणि हो म्हणताना 'व्हय'. मनोहर चारचौघांत त्याची नक्कल करून हसायचा. तीही तोंडावर हात धरून हसायची. तो हात मला लाजेचा वाटायचा. पुढे कळलं, पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

त्या वर्षी कापूस भरपूर आला. मनोहर आठवडाभर यंत्रांच्या आवाजात उभा राहायचा आणि घरी यायचा तो डोळे तांबारलेले, पापण्यांवर रुई. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याच्याकडे यादी सुरू व्हायची. पहिली दोन गाणी बेताची. मग एखादं ढोलकीचं, हलगीचं, संबळाचं लागलं की आवाज चढायचा. आमच्या भिंतीवरच्या फळीतली स्टीलची ताटं किणकिणायला लागायची. माझ्या गाण्यानं दोन घरं भरली म्हणून मला पहिल्या रविवारी बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसले होते. गाणं हलगीचं होतं. मला ताल कळतो. लहानपणी चार वर्षं तबला शिकले आहे. हलगीच्या खाली एक दुसरा ठोका होता आणि तो तालात बसत नव्हता. ओली गोधडी धोपाटण्यानं धोपटावी तसा. एक. मग बराच वेळ नाही. मग लागोपाठ तीन. मी लसणाची पाकळी हातात धरून बसून राहिले. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. नंतर मी स्वतःला पुष्कळ काही समजावलं, कपाट सरकवत असतील, गादी झटकत असतील, पण ते नंतर.

सोमवारी वंदना गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली. डोक्यावरून पदर अगदी गालापर्यंत. गालाचा रंग पिकल्या जांभळाचा.

"काय झालं गं?"

"स्टुलावरून पडले, ताई. जाळं काढत होते."

"वंदना, मले आयकू येते."

तिनं चिमटा दातात धरला, लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं. मग चिमटा काढून म्हणाली, "गाणी मोठ्यानं असतात ना. म्हणून येत असंल." आणि बादली उचलून खाली गेली.

मी ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र बाजूला न करता म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे. आपून मधात पडलो तर उद्या ते दोघं एक होतील अन् आपून वाईट." मी आणखी दोघींना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. पूर्ण गल्लीला माहीत होतं. 'त्याले राग लवकर येते' एवढं म्हणून दोघींनी विषय भाजीच्या भावावर नेला.

मग मी माझ्या परीनं एक शहाणपणा केला. पुढच्या शनिवारी यादीत ढोलकी, हलगी काहीच घातलं नाही. सगळी संथ, हळू गाणी. एक अंगाईसुद्धा. मला वाटलं, आडोसाच काढून घेतला तर तो काय करील? रविवारी थोडा वेळ ती गाणी वाजली. मग थांबली. मग त्यानं स्वतःचं काहीतरी लावलं, कुठल्याशा मिरवणुकीतलं, नुसता दणदणाट, आणि ते अकरापासून एक वाजेपर्यंत चाललं. मधे एकदा ताट फळीवरून खाली पडलं.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. 'ताई, या रविवारी मजा नाही आली. जरा दणक्याचं पाठवत जा.' पुढे हात जोडलेले.

त्या आठवड्यात वंदनाच्या मनगटाला प्लास्टर होतं. आणि शनिवारी मी यादीत दोन हलगीची आणि एक संबळाचं गाणं घातलं. का घातलं? त्याला संशय येऊ नये म्हणून. त्याचा राग आणखी वाढू नये म्हणून. ही कारणं मी पुष्कळदा उगाळली आहेत. खरं कारण एकच आहे. मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला सांगितलेलं काम करायला बरं वाटतं. असे सात-आठ रविवार गेले. मी माझ्या हातानं, निवडून, ओवून, त्याला आवाज पुरवत होते.

आमच्या ग्रुपात वानखडे सर होते. धामणगाव बढ्याचे, ह्यांच्याच शाळेत शिकवणारे. बौद्ध घरातला अबोल माणूस. यादीवर कधी काही लिहायचे नाहीत, पण सगळं ऐकायचे. संक्रांतीनंतर एकदा त्यांचा फोन आला.

"मॅडम, मायी एक चुलती आहे गावाकडे. ऐंशीच्या पुढं गेली. जात्यावरच्या ओव्या म्हणते, सगळ्या सोताच्या जोडलेल्या. तिनं आता जातं सोडलं, पण परवा मायासाठी दळाले बसली. रेकॉर्ड केलं. या रविवारी टाकता का? ती विचारून राह्यली, कधी लागते म्हणून."

मी ऐकलं. रेकॉर्डिंग कच्चं होतं. आधी जात्याची घरघर, मग तो चिरका, उंच, न थरथरणारा आवाज. एक ओवी झाली की म्हातारी थांबायची. मूठभर ज्वारी जात्यात टाकायची, खोकायची, नातवाला काहीतरी बोलायची. मग पुन्हा लागायची. हे मधलं थांबणं कापून टाकावं का, असं मनात आलं होतं. कापता आलं नाही, म्हणून राहू दिलं. चौथ्या क्रमांकावर टाकलं, आधी हलगी आणि नंतर संबळ.

त्या रविवारी मी भाकरी करत होते. पलीकडे तिसरं गाणं सुरू झालं, ताटं किणकिणली. मी पीठ मळत राहिले. तिसरं संपलं आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात जातं सुरू झालं. छातीएवढ्या स्पीकरातून एवढं मोठं जातं, की गल्ली दळली जातेय असं वाटलं. मग म्हातारीचा आवाज. ओवी भावाची होती. उन्हात बहिणीला न्यायला निघालेल्या भावाची. ओवी संपली, जातं थांबलं.

आणि त्या शांततेत तो ठोका पडला. उघडा. त्याच्यावर काही नव्हतं. पाठोपाठ वंदनाचा आवाज, किंचाळणं नव्हे, धाप लागलेल्या माणसानं बोलावं तसं, "नका ना, नका ना, नका ना."

म्हातारी खोकली. जातं फिरलं. पुन्हा ओवी.

पुन्हा थांबली. पुन्हा ठोका. तिच्या थांबण्याला ताल नव्हता, म्हणून त्यालाही अंदाज येत नव्हता. समोरच्या घराचं दार उघडलं. कोपऱ्यावरच्या बाई ओट्यावर आल्या. सगळी गल्ली ऐकत होती आणि या खेपेला कुणालाच, गाणं होतं म्हणून ऐकू आलं नाही, असं म्हणता येणार नव्हतं.

तव्यावर भाकरी होती. मी ती तशीच सोडली. ओट्यावर खलबत्ता होता, त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि पिठाच्या हातानं बाहेर गेले. हे मागून "अगं, अगं" करत होते. मनोहरचं दार आतून बंद. मी खिडकीची काच फोडली. काचेनं मनगट चिरलं ते मला दवाखान्यात कळलं.

खिडकीतून दिसलं ते असं. वंदना जमिनीवर, गुडघ्यांवर. त्यानं तिचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं स्पीकरच्या जाळीवर दाबून धरलं होतं. डावा कान जाळीला. तो तिच्यावर वाकून म्हणत होता, "आयक. आयक रडगाणं. तुया बहिणीनं तुयासाठी धाडलं. आयक नीट." बहीण म्हणजे मी. म्हातारीचा सगळा आवाज त्या एका कानात चालला होता.

काच फुटली तसा तो सरळ झाला. आणि त्यानं काय करावं? केसांवरून हात फिरवला, आवाज कमी केला, येऊन दार उघडलं. "काय झालं, ताई?" म्हणाला. त्याच गोड आवाजात.

मी बत्ता घातला. डोक्यावर घालायचा होता, तो हलला म्हणून खांद्याजवळ बसला. कपाशीची कडक वाळलेली पळाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. तो खाली बसला. मी दुसरा घातला, तो पाठीत. मला बरं वाटत होतं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं नाही, इथं सांगते. मला इतकं बरं वाटत होतं की ह्यांनी मागून कवळ घालून मला उचललं नसतं तर मी थांबले नसते. मनोहरला मारताना मी जिला मारत होते ती दर शनिवारी यादी करणारी बाई होती, असं म्हटलं तर ते छान वाटेल. पण तेव्हा तसं काही डोक्यात नव्हतं. मी त्यालाच मारत होते.

वंदनाचा जबडा तडकला होता. डाव्या कानाचा पडदा गेला होता आणि बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसता पडदा नाही, आतलं ऐकणंही गेलं. तिच्या भावानं तिला दवाखान्यातून परस्पर धाडला नेलं. तिनं तक्रार दिली. मनोहरनंही माझ्यावर दिली. कचेरीनं मला चार महिने घरी बसवलं. ग्रुपातले निम्मे लोक निघून गेले. जाताना एकानं लिहिलं, 'गाण्याच्या ग्रुपात असले धंदे नकोत.'  त्या दिवसापासून कोर्टात माझ्या पेशीला हे प्रत्येक वेळी बरोबर आले. बाकावर वर्तमानपत्र मांडीवर घडी करून बसले, उघडलं नाही.

वानखडे सर एकदा घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "चुलतीले सांगितलं मी सगळं."

"काय म्हणाल्या?"

"पुरं आयकून घेतलं तिनं. मंग म्हणे, ओव्या नाही रे कामी आल्या. माया खोकला कामी आला." सर हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

मनोहर जामिनावर आहे. घर विकून दुसऱ्या टोकाला राहायला गेला. स्पीकर नेले. जिनिंगमध्ये अजून तोच आहे, बाजारात कधीमधी समोरून येतो, डावा खांदा जरा खाली. लोक त्याला नमस्कार करतात. मलाही करतात.

आणि आता, या हंगामात, तीन वर्षांनी, वंदनाच्या खटल्यात माझी साक्ष निघाली. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मोटारसायकली, त्यांच्या सीटांवर रुईचा थर. मनोहरचे वकील तरुण होते, नम्र होते. उलटतपासणीत त्यांनी विचारलं, "गाणी फार मोठ्या आवाजात होती, असं तुम्हीच जबानीत म्हटलंय. बरोबर?"

"बरोबर."

"एवढा आवाज असताना भिंतीपलीकडचं मारणं तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं?"

सरकारी वकिलांनी मला पढवून ठेवलं होतं, की म्हणायचं, मधे गाणं थांबलं होतं. उत्तर खरंच होतं. तोंडात तयार होतं. मागच्या बाकावर वंदना बसली होती, भावाच्या डाव्या बाजूला, म्हणजे तो तिच्या चांगल्या कानाशी येईल अशी. मी तिच्याकडे पाहिलं आणि ते तयार उत्तर मला म्हणवेना.

"ऐकू तर मला तीन महिने येत होतं, साहेब," मी म्हणाले. "प्रत्येक रविवारी. त्या दिवशी फक्त उठले."

टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि मग म्हणाले, "घ्या लिहून." मागे वंदनानं भावाला काहीतरी विचारलं. तिला एवढ्या लांबून नीट ऐकू आलं नव्हतं. तो वाकून तिच्या कानात माझं वाक्य पुन्हा बोलला. मी ते त्याच्या ओठांवरून पाहिलं, एकेक शब्द.

काम संपल्यावर ती बाहेर माझ्याजवळ आली. अंगानं भरली होती. दात बसवून घेतला होता, हात तोंडावर नव्हता. धाडला शिवणाचं मशीन टाकलंय, ब्लाऊज शिवते, म्हणाली.

"वंदना, मी आधीच—"

"मला माहीत होतं, ताई. भिंत एकच होती ना."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "एक सांगू? राग नका मानू. तुमची गाणी लई लांब असायची."

मला कळलं नाही.

"गाणं संपलं की ते थांबायचे. दुसरं लागेपर्यंत दम खायचे. कधीकधी तेवढ्यात राग उतरायचा, मग सोडून द्यायचे. म्हणून शनिवारी तुमची यादी आली, की मी आधी तेच बघायची. कोणतं किती मिनटाचं. तीन मिनटाचं असलं की बरं वाटायचं. एकदा तुम्ही अकरा मिनटाचं टाकलं होतं." ती हे अगदी सरळ बोलली, गिऱ्हाइकाला बाहीचं माप सांगावं तसं. "लई वेळा वाटलं तुम्हाला सांगावं, बारकी बारकी टाका म्हणून. पण सांगायचं कसं?"

कोणतं अकरा मिनिटांचं, ते मला त्याच क्षणी आठवलं. मी त्याच्यावर चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या होत्या.

तिचा भाऊ फाटकातून हाका मारू लागला, बुलढाण्याची गाडी लागली म्हणून. तिनं हाक कुठून आली ते शोधायला मान फिरवली, मग पिशवी उचलली. मी तिच्या उजव्या अंगाला झाले आणि स्टँडपर्यंत चालत गेले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण तिला ऐकू येणारी आता तेवढी एकच बाजू होती. ती मी माझ्या आवाजानं भरली नाही.